मेलॅनोमाच्या रक्तातला बदल: गाठीचा, शरीराचा की नळीतला?

प्रश्न थोडक्यात असा. कर्करोग विभागात निवासी डॉक्टर असलेल्या एकांना प्रबंधासाठी चौथ्या स्टेजच्या, म्हणजे दूरवर पसरलेल्या मेलॅनोमाचे (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे) ३० रुग्ण मिळणार आहेत. त्यांचं आणि ३० निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं, प्लाझ्मा (रक्तपेशी काढल्यावर उरणारा द्रव) मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, चालवायचा, हजारभर रेणूंची पातळी एकदम पाहायची आणि हा आजार सगळ्या शरीराचं काय करतो ते त्यावरून शोधायचं, असा बेत आहे. नळी कोणती वापरू, ३० पुरतील का, आणि निघालेल्या यादीतल्या कोणत्या रेणूंवर विश्वास ठेवू, असं त्यांनी विचारलं आहे.

तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या मुळाशी एक चौथा आहे आणि तो आधी सोडवावा लागतो: रक्तात जो बदल दिसेल तो घडवला कोणी? या बेतात रुग्ण आणि निरोगी यांच्यात शंभरेक रेणू वेगळे निघतील, याची खात्री आत्ताच देता येते. अडचण अशी की त्यातले बरेचसे वय, उपास, वेदनाशामक गोळी आणि रक्त किती वेळ टेबलावर पडून राहिलं यांचे असतील. यादी मोठी आणि सुबक दिसेल, पण ती मेलॅनोमाची असेलच असं नाही.

मेलॅनोमाच्या रुग्णाच्या प्लाझ्मात चार ठिकाणांहून माल येतो. पहिलं ठिकाण खुद्द गाठ. तिच्या मेलेल्या पेशींचा डीएनए, एस१००बी हे प्रथिन, आणि मेलॅनिन बनवण्याच्या वाटेवर तयार होणारं ५-एस-सिस्टिनिलडोपा हे संयुग. आजार फार पसरला की असे पूर्वगामी पदार्थ लघवीतही उतरतात. काही रुग्णांची लघवी ताजी असताना साधी दिसते आणि भांड्यात उघडी ठेवली की हवेने काळपट होत जाते. दुसरं ठिकाण शरीर: यकृत, स्नायू, चरबी आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीला जे उत्तर देतात ते. तिसरं, औषधं, जेवण, जुने आजार. चौथं, आपली स्वतःची हाताळणी. प्लाझ्मातल्या लहान रेणूंच्या चाचणीत गाठीचा थेट वाटा बहुतेकदा सगळ्यात छोटा असतो. तुमचा प्रश्न ‘शरीरावर काय परिणाम’ असा आहे, म्हणजे तुम्हाला दुसरं ठिकाण हवं आहे. ते चांगलंच आहे, कारण तिथे माहिती भरपूर आहे. फक्त तिसरं आणि चौथं त्यातून वेगळं काढायची सोय रक्त घेण्याआधी करावी लागते. नंतर गणिताने ते पूर्ण वेगळं होत नाही.

हे सगळं एका जुन्या, स्वस्त तपासणीत लख्ख दिसतं: एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम). मेलॅनोमाच्या स्टेजिंगमध्ये जागा मिळालेली रक्ताची ही एकच तपासणी. अमेरिकी संयुक्त कर्करोग समितीच्या स्टेजिंग नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत तर दूरवर पसरलेल्या आजाराच्या प्रत्येक उपगटापुढे एलडीएच सामान्य असेल तर शून्य आणि वाढलेलं असेल तर एक लिहितात. ते वाढलेलं असेल तर आजाराचा भार जास्त आणि पुढची वाटचाल अवघड, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तरीही एलडीएच हे मेलॅनोमाचं प्रथिन नाही, ते जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. लाल पेशींत तर ते प्लाझ्माच्या शंभराहून अधिक पटींनी असतं. सुई शिरेत नीट बसली नाही, सिरिंजने जोरात ओढलं, नळी घुसळली की लाल पेशी फुटतात आणि रिपोर्टवर एलडीएच चढतं. सॅम्पल ‘जपून’ फ्रीजमध्ये ठेवलं तरी गडबड होते, कारण या एन्झाइमचे काही प्रकार थंडीत निकामी होतात आणि आकडा खोटा उतरतो. आपल्याकडचं एक कारण पुस्तकांत मेलॅनोमाच्या प्रकरणात सापडत नाही. बी-१२च्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात अस्थिमज्जेतच लाल पेशी फुटतात आणि एलडीएच फार वर जातं. शाकाहारी रुग्ण, कमी हिमोग्लोबिन, मोठ्या आकाराच्या लाल पेशी असं चित्र असेल तर एलडीएचचा दोष गाठीला देण्याआधी बी-१२ तपासा. एका एन्झाइमची ही कथा, तर हजार रेणूंची काय असेल याचा अंदाज करा.

आता नळी. लहान रेणूंसाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या टोपीची नळी घ्या आणि सगळ्यांसाठी तीच ठेवा. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. रक्त गोठताना प्लेटलेट्स सेरोटोनिन आणि काही लिपिड बाहेर टाकतात, आणि गोठायला लागणारी ३० ते ६० मिनिटं प्रत्येक सॅम्पलमध्ये सारखी राहत नाहीत. हेपरिन या दुसऱ्या गोठणरोधकाची हिरवी नळी लहान रेणूंना चालते, पण पुढे त्याच प्लाझ्मातून डीएनए काढून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) करायचा ठरलं तर हेपरिन आडवं येतं. यंत्र एनएमआर (रेणू चुंबकीय क्षेत्रात ओळखणारं) असेल तर गणित उलटतं, कारण ईडीटीए स्वतःचीच ठळक शिखरं उठवतं. अशा वेळी हेपरिन बरं.

रक्त सकाळी ७ ते १०च्या दरम्यान, रात्रीच्या ८-१० तासांच्या उपासानंतर घ्यावं. चौथ्या स्टेजच्या माणसाला उपाशी बसवणं दर वेळी योग्य नसतं, आणि मधुमेह असेल तर नाहीच. मग उपास मोडा आणि शेवटचं खाणं किती वाजता, काय, ते लिहून ठेवा. दहा तासांच्या उपासात चरबी जळू लागते, अ‍ॅसिलकार्निटिन आणि कीटोन वर जातात. निरोगी माणूस चहा-बिस्किट खाऊन आला आणि रुग्ण मळमळीमुळे आदल्या दुपारपासून जेवलेलाच नाही, तर ‘मेलॅनोमात चरबीचं ज्वलन वाढतं’ असा शोध घरबसल्या लागतो.

नळी भरली की आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा, बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ३० मिनिटांच्या आत ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये घाला. अर्ध्या तासात जमतच नसेल तर तासाभराची मर्यादा ठरवा, पण ती सगळ्यांना सारखीच. २००० जी (गुरुत्वाच्या २००० पट) बळ, १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढताना खालच्या पांढऱ्या थरापासून अर्धा सेंटीमीटर वरच थांबा. शेवटचे थेंब मिळवायच्या मोहात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वर ओढल्या जातात. २०० मायक्रोलिटरचे पाच-सहा भाग करून लगेच उणे ८० अंशांवर. भाग छोटे असण्याचं कारण एवढंच की प्रत्येक भाग एकदाच वितळावा. नळीवर हाताने लिहिलेली शाई उणे ८०ला पुसट होते, म्हणून त्या तापमानाला टिकणारं लेबल वापरा.

उशीर झाला तर नक्की काय बिघडतं? लाल पेशी नळीतही जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला न फिरवलेल्या रक्तातलं ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं आणि लॅक्टेट चढतं. हायपोझँथिन वाढतं. लाल पेशींतलं आर्जिनेज बाहेर आलं की आर्जिनिन घटून ऑर्निथिन वाढतं. यातला धोका लक्षात घ्या: जास्त लॅक्टेट, कमी ग्लुकोज, कमी आर्जिनिन ही तिन्ही लक्षणं कर्करोगाच्या चयापचयाबद्दल पाठ्यपुस्तकात जे लिहिलं आहे त्याच्याशी हुबेहूब जुळतात. गाठ ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करते, हे ऑटो वॉर्बुर्ग यांचं निरीक्षण प्रत्येकाला माहीत असतं. रुग्णांची रक्तं वॉर्डातून दुपारी एकगठ्ठा आली आणि निरोगी सहकाऱ्यांची प्रयोगशाळेतच घेऊन लगेच फिरवली, तर वॉर्बुर्ग परिणाम नळीतच तयार होतो. म्हणून प्रत्येक सॅम्पलपुढे तीन वेळा लिहा: सुई टोचली तेव्हाची, सेंट्रिफ्यूज सुरू झाला तेव्हाची आणि फ्रीजरमध्ये गेलं तेव्हाची. पुढे विश्लेषणात हायपोझँथिन आणि लॅक्टेट या वेळेच्या सोबतीने चढताना दिसले, तर त्या सॅम्पलवर आजाराबद्दलचा निष्कर्ष उभा करू नका.

तुलनेचा गट हा आराखड्यातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. ३० निरोगी माणसं म्हणजे बहुधा रुग्णालयातले तरुण कर्मचारी. त्यांच्यापेक्षा दोन तुलना कितीतरी जास्त सांगतील. एक, ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली आहे आणि आत्ता आजार दिसत नाही असे तिसऱ्या स्टेजचे रुग्ण, वय आणि लिंग जुळवून. दुसरी आणि माझ्या मते सर्वोत्तम, तोच माणूस उपचाराआधी आणि नंतर. पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध मोकळं करणारं इम्युनोथेरपीचं औषध) दर तीन आठवड्यांनी देत असाल तर पहिल्या डोसच्या सकाळी एक, दुसऱ्या डोसच्या सकाळी दुसरं आणि बाराव्या आठवड्याच्या स्कॅनच्या वेळी तिसरं सॅम्पल. माणूस स्वतःचाच तुलनागट झाला की वय, अनुवंश, सवयी बऱ्याचशा आपोआप बाजूला पडतात.

भारतातल्या रुग्णांबाबत आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मेलॅनोमा कमी आढळतो, आणि आढळतो तेव्हा तळपाय, नखाखालची जागा किंवा तोंड-गुदद्वाराजवळचा श्लेष्मल भाग यांचा वाटा मोठा असतो. तळपायाची गाठ कुरूप किंवा काट्याची जखम समजून कित्येक महिने अंगावर काढली जाते. माणूस येतो तेव्हा ती चिघळलेली असते, तिच्यात जंतुसंसर्ग असतो. मग सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) ८० निघालं तर ते फुप्फुसातल्या गाठींमुळे की पायाच्या पुवामुळे? एका आकड्यावरून कळणार नाही. जखमेला प्रतिजैविक आणि ड्रेसिंग देऊन आठवड्याभराने पुन्हा मोजा. सीआरपीचं अर्धायुष्य १९ तासांच्या आसपास आहे, त्यामुळे कारण संसर्गाचं असेल तर आठवड्यात ते ठळक उतरतं. उतरलं नाही तर आजाराकडे बोट दाखवायला जागा आहे. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ‘उघडी जखम आहे की नाही’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता रेणूंकडे येऊ. सुटे रेणू पाहण्यापेक्षा त्यांचे गट पाहा, कारण शरीराचं उत्तर गटागटाने येतं.

दाहाचा गट: सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ वर, अल्ब्युमिन खाली, लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन नावाची लिपिड खाली. ही लिपिड कर्करोगाइतकीच सेप्सिसमध्येही घटतात, म्हणून त्यांना मेलॅनोमाची खूण म्हणू नका; दाहाची खोली मोजणारं माप म्हणा.

झिजण्याचा गट: स्नायू कमी झाल्याने क्रिएटिनिन खाली सरकतं. इथे एक व्यावहारिक धोका आहे. क्रिएटिनिन ०.५ पाहून मूत्रपिंड उत्तम आहे असं वाटतं, प्रत्यक्षात स्नायूच उरलेला नसतो. स्कॅन उपलब्ध असेल तर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या छेदात स्नायूचं क्षेत्रफळ मोजून घ्या. वेगळा खर्च नाही, कारण सीटी तसाही झालेला असतो. भूक मारणारं जीडीएफ-१५ हे प्रथिन याच गटात येतं. पण मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही जीडीएफ-१५ वाढतं, आणि आपल्याकडे साठीच्या पुढच्या रुग्णांत मेटफॉर्मिन घेणारे पुष्कळ. औषधांची यादी न पाहता हा आकडा वाचणं म्हणजे चुकायचं ठरवूनच बसणं.

तिसरा गट ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आणि त्यापासून बनणारं किनुरेनिन. यावर थोडं थांबतो, कारण तुमच्या यादीत हा वर येण्याची शक्यता दाट आहे. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात ट्रिप्टोफॅन साधारण ५० ते ७० मायक्रोमोल प्रतिलिटर असतं आणि किनुरेनिन २च्या आसपास. इंटरफेरॉन गॅमाच्या सांगण्यावरून आयडीओ नावाचं एन्झाइम पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करतं आणि किनुरेनिन-ट्रिप्टोफॅनचं गुणोत्तर चढतं. किनुरेनिन टी पेशींना दडपतं, म्हणून ते वाढलं की रोगाने प्रतिकारशक्तीला लगाम घातला असा अर्थ लावायचा मोह होतो. याच तर्कावर आयडीओ रोखणारं एपाकॅडोस्टॅट पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीला देऊन पसरलेल्या मेलॅनोमाच्या ७०६ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. २०१८मध्ये निकाल आला: आजार पुढे सरकायचा वेळ लांबला नाही. औषधाची मात्रा पुरेशी होती का, यावर नंतर बरीच चर्चा झाली. तुमच्या प्रबंधासाठी त्यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की रक्तातला एखादा रेणू वाईट वाटचालीसोबत चढत असला तरी तो ओढून खाली आणल्याने वाटचाल सुधारेल असं होत नाही. शिवाय इम्युनोथेरपी काम करू लागली की इंटरफेरॉन गॅमा वाढतो, म्हणजे किनुरेनिन चांगल्या कारणानेही वाढू शकतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की या वाटेवरचे पदार्थ साठतात. अल्ब्युमिन घसरलं की एकूण ट्रिप्टोफॅनही घसरतं, कारण बराचसा ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिनला चिकटून फिरतो. या गुणोत्तराशेजारी अल्ब्युमिन आणि सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं प्रथिन) छापल्याशिवाय ते कोणाला दाखवू नका. क्रिएटिनिनऐवजी सिस्टॅटिन-सी, कारण वर सांगितलेली स्नायूंची भानगड.

औषधांची शिखरं ओळखायला सोपी असतात, फक्त शोधायला हवीत. पॅरासिटामॉलचं ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट रुग्णगटात ठळक येणारच. मेंदूत गाठी असलेल्यांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असतं. त्याने ग्लुकोज चढतं आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दबतं. इम्युनोथेरपीने थायरॉइड मंदावला तर कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिन कायनेज वाढतं. त्या दिवशी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलं नसेल तर हा बदलही मेलॅनोमाच्या खात्यावर जमा होतो.

गाठीचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर लहान रेणू सोडून प्लाझ्मातल्या तिच्या डीएनएकडे जावं लागतं. आकडेमोड करून बघा. १० मिलिलिटर रक्तातून ४ मिलिलिटर प्लाझ्मा मिळाला आणि मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम मुक्त डीएनए धरला तर हातात २० नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅमात जनुकसंचाच्या सुमारे ३०० प्रती, म्हणजे एकूण ६०००. गाठीचा वाटा ०.०५ टक्का असेल तर सगळ्या नळीत तिच्या तीन प्रती. आता तेच रक्त ईडीटीएत रात्रभर राहिलं, पांढऱ्या पेशी फुटल्या आणि एकूण डीएनए दसपट झाला असं समजा. त्या तीन प्रती आता ६० हजारांत शोधायच्या आहेत. म्हणून ईडीटीए असेल तर ४ ते ६ तासांत प्लाझ्मा वेगळा करा, आणि तो दोनदा फिरवा: आधी १६०० जीवर १० मिनिटं, मग वरचा भाग नव्या नळीत घेऊन १६,००० जीवर आणखी १०. लांबून सॅम्पल यायचं असेल तर पेशी फुटू न देणारी खास नळी घ्या. तिच्यात रक्त काही दिवस खोलीच्या तापमानाला टिकतं, पण ती लहान रेणूंसाठी वापरू नका. दुसरी अडचण उत्परिवर्तनाची. पाश्चात्त्य देशांतल्या त्वचेच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्यांत बीआरएएफ हे जनुक बदललेलं असतं, तळपायाच्या मेलॅनोमात ते प्रमाण बरंच कमी. फक्त व्ही६००ई हा या जनुकातला एक बदल शोधणारी चाचणी आणली तर आपले बरेच रुग्ण ‘निगेटिव्ह’ येतील. आधी गाठीच्या तुकड्यात काय बदललं आहे ते पाहा, मग तेच रक्तात शोधा. आणि आजार फक्त मेंदूत असेल तर रक्तात बहुधा काहीच उतरत नाही. त्या शांततेवर विसंबू नका.

३० पुरतील का? कशासाठी, यावर ते ठरतं. एकाच रेणूचा उपचाराआधी-नंतरचा फरक पाहायचा असेल तर ३० जोड्यांत साधारण अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे किती पसरलेले आहेत याचं माप) फरक ८० टक्के खात्रीने पकडता येतो. हजार रेणू एकदम तपासले तर ०.०५च्या निकषावर निव्वळ योगायोगाने ५० ‘महत्त्वाचे’ निघतात. ते टाळायला निकष हजारपट कडक केला तर त्याच ३० जोड्यांत जवळपास १ प्रमाण विचलनाहून लहान फरक हातातून निसटतात. म्हणून माझा सल्ला असा की रक्त घ्यायच्या आधी २० रेणूंची यादी कागदावर लिहून मार्गदर्शकांची सही घ्या: वरच्या तीन गटांतले प्रत्येकी पाच-सहा आणि हाताळणी तपासणारे दोन-तीन. तेवढ्यांसाठी मर्यादा ०.७५च्या आसपास येते. उरलेले हजार जरूर मोजा, पण प्रबंधात त्यांना ‘शोधक’ हेच नाव द्या.

यंत्रावर चालवताना ५० मायक्रोलिटर प्लाझ्म्यात २०० मायक्रोलिटर थंड मिथेनॉल, त्यात समस्थानिक लावलेली अंतर्गत मानकं, अर्धा तास उणे २० अंश, मग १४,००० जीवर १० मिनिटं. प्रत्येक सॅम्पलमधून १० मायक्रोलिटर घेऊन एक सामाईक मिश्रण बनवा आणि दर आठ-दहा सॅम्पलनंतर ते चालवा. या मिश्रणात ज्या रेणूचा आकडा ३० टक्क्यांहून जास्त हलतो, तो यादीतून काढून टाका, कितीही आकर्षक असला तरी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि एका रुग्णाची आधी-नंतरची सॅम्पलं एकाच बॅचमध्ये ठेवा. सोमवारी रुग्ण आणि मंगळवारी निरोगी असं चालवलं तर यंत्रातल्या, रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभाची एका रात्रीतली झीजच आजार म्हणून छापली जाते. दोन गट रंगीत ठिपक्यांनी सुटे दाखवणारा आलेख दिसला की लेबलं शंभर-दोनशे वेळा मिसळून तोच आलेख पुन्हा काढा. मिसळलेल्या लेबलांनीही गट सुटे होत असतील तर पहिला आलेख टाकून द्या.

रुग्णांशी बोलताना हे निष्कर्ष त्यांच्या उपचाराला लगेच लागू होणार नाहीत, हे संमतीपत्रात मराठीत साध्या शब्दांत लिहा आणि तोंडीही सांगा. हिमोग्लोबिन ८च्या खाली असलेल्याकडून दर वेळी ३० मिलिलिटर मागू नका. लहान रेणूंना ४ मिलिलिटरची एक नळी पुरते, डीएनएसाठी १० मिलिलिटरची आणखी एक.

पहिला रुग्ण घ्यायच्या आधी दोन सहकाऱ्यांचं रक्त घेऊन एक चाचणी करा. प्रत्येकाच्या चार नळ्या: एक १५ मिनिटांत फिरवायची, बाकीच्या एक, दोन आणि चार तास तुमच्या वॉर्डातल्या टेबलावर ठेवून. आठही प्लाझ्मा यंत्रावर चालवा. कोणता रेणू किती हलतो याचा तुमच्या जागेचा, तुमच्या उन्हाळ्याचा तक्ता त्यातून मिळेल. त्या तक्त्यात जे रेणू दोन तासांत २० टक्क्यांहून जास्त हलले, ते तुमच्या २०च्या यादीत हाताळणीच्या रकान्यात जातील, आजाराच्या नाही.